घरी केलेलं गाणं रिलीजला तयार आहे का? पायरीपायरीने तपासणी

गाणं बाहेर काढणं आता अवघड राहिलेलं नाही. डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणी सगळ्या ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे, फाइल चढवली की थोड्या दिवसांत ते स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन, यूट्यूब म्युझिक असं सगळीकडे दिसू लागतं. अवघड आहे ते बाहेर पडलेलं गाणं दुरुस्त करणं. ऑडिओत चूक सापडली तर बहुतेक ठिकाणी जुनं गाणं उतरवून नवं चढवावं लागतं. गायिकेच्या नावाचं स्पेलिंग चुकलं तर ते सगळ्या ॲपवर सुधारायला दिवसचे दिवस जातात. आणि चालीच्या हक्कावरून कुणी तक्रार केली तर गाणं उतरतंच, शिवाय तोवरचे पैसेही अडकून पडतात.

एक माइक, ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप आणि हेडफोन एवढ्या सामानावर घरच्या खोलीत मराठी गाणं करणाऱ्या नवख्यांसाठी ही तपासणी आहे. यात क्रम महत्त्वाचा आहे. दोष ज्या टप्प्यावर निर्माण होतो, त्याच टप्प्यावर तो कमी कष्टात सुटतो. पट्टी चुकली असेल तर मिक्सिंगने (सगळे ट्रॅक एकत्र जुळवण्याने) गाणं सुधारत नाही, डबिंगमध्ये (आवाज रेकॉर्ड करताना) पंख्याचा आवाज आला असेल तर मास्टरिंगमध्ये (तयार मिक्सवरच्या शेवटच्या हातात) तो उलट वाढतो, आणि न घेतलेली परवानगी रिलीजनंतर मागायला गेलं तर समोरचा सांगेल ती किंमत मोजावी लागते. म्हणून एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

आधी एक वही घ्या

पानावर तीन रकाने आखा: ‘करायलाच हवं’, ‘आवडीचा प्रश्न’ आणि ‘ऐकणाऱ्याला कळणार नाही’. गाणं ऐकताना हात माउसपासून लांब ठेवा. मध्ये थांबून दुरुस्ती करायची नाही, फक्त वेळ आणि दोष लिहायचा. ‘१:१२, अंतऱ्याच्या शेवटचा सा कणसूर’ हे पहिल्या रकान्यात जाईल. ‘बासरी जरा मागे हवी होती का?’ हे दुसऱ्यात. ‘२:०५ ला तिसऱ्या कोरसचा श्वास अर्धवट कापला आहे, पण ढोलकीखाली झाकला जातो’ हे तिसऱ्यात. गाणं तयार आहे की नाही, याचा निकाल शेवटी या वहीवरूनच लागणार आहे.

पायरी १: गाणं कायम करा

सगळे ट्रॅक बंद करून फक्त पेटी किंवा गिटार आणि आवाज एवढ्यावर गाणं फोनवर रेकॉर्ड करा. ते ऐकताना ध्रुवपद मनात बसत नसेल, तर स्ट्रिंग आणि सिंथ चढवून ते बसणार नाही. चालीवर पुन्हा काम करा. इथे केलेल्या बदलाला खर्च नाही, डबिंगनंतरचा महाग पडतो.

नंतर पट्टी. अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर गायकाकडून लागोपाठ पाच वेळा गाऊन घ्या. पाचपैकी तीनदा ताणलेला किंवा उतरलेला वाटला तर पट्टी खाली आणा: काळी चार असेल तर पांढरी पाच, म्हणजे अर्ध्या सुराने. ‘नंतर सॉफ्टवेअरमध्ये खाली करू’ हा विचार सोडून द्या. तयार आवाज दीड-दोन सूर सरकवला की त्याचा पोत बदलतो आणि तो बदल कुणालाही ओळखू येतो.

सुरुवातीची लांबीही आत्ताच ठरवा. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं. ४५ सेकंदांचा म्युझिक पीस, मग आलाप आणि मग ध्रुवपद अशी मांडणी असेल, तर शब्द सुरू होण्याआधीच बरेच जण पुढच्या गाण्यावर गेलेले असतात. एकटंच रिलीज होणाऱ्या गाण्यासाठी १० ते १५ सेकंदांची सुरुवात पुरते. अभंगात आधी नामघोष किंवा आलाप हवाच असेल तर तो जरूर ठेवा, तो त्या प्रकाराचा भाग आहे. पण मग लांब आणि आटोपशीर अशी दोन रूपं वेगवेगळी काढण्याचा विचार करा.

पायरी २: कच्चं रेकॉर्डिंग तपासा

आवाजाचा ट्रॅक एकटा ऐका. त्यावर कॉम्प्रेसर (आवाजातली चढउतार कमी करणारं प्लगइन) नको, रिव्हर्ब (घुमारा) नको. दोन ओळींच्या मधली शांत जागा निवडून मीटर पाहा. आवाजाची टोकं उणे १० ते उणे १२ डीबीच्या (डेसिबल, मीटरवरचं पातळीचं माप) आसपास असताना खोलीचा आवाज उणे ६० डीबीच्या खाली असायला हवा. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण पुढे कॉम्प्रेसर आणि लिमिटर (टोकं ठरावीक पातळीवर अडवणारं प्लगइन) मिळून शांत भाग सहज १० ते १२ डीबी वर उचलतात. आज उणे ६० ला असलेली पंख्याची घरघर तेव्हा उणे ४८ ला येते आणि इयरफोनवर प्रत्येक ओळीनंतर ऐकू येते. पंखा आणि फ्रिज बंद करून, खिडकीवर गोधड्या टांगून, माइकपासून १५ ते २० सेंटिमीटरवर उभं राहून पुन्हा डबिंग करणं हाच खरा उपाय. नॉइज कमी करणारं प्लगइन थोडं वापरलं तर चालतं. जास्त वापरलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

आता कान मराठी अक्षरांवर आणा. भ, फ, ठ, ढ म्हणताना हवेचा धक्का माइकवर आदळून ‘धप्’ असा आवाज आलाय का? पुरुषी आवाजाला ७० ते ८० हर्ट्झखाली आणि बाईच्या आवाजाला १०० ते १२० हर्ट्झखाली इक्वलायझरने कापून पाहा. तरी राहिला तर तेवढा शब्द पुन्हा गाऊन घ्या. स, श आणि च यांची टोचणी साधारण ५ ते ९ किलोहर्ट्झमध्ये असते. डीएसर (ही टोचणी दाबणारं प्लगइन) लावा, पण इतका नको की ‘श्वास’मधला श बोबडा वाटेल.

सुराची दुरुस्ती करताना आपल्या गाण्यात एक खास अडचण येते. रिट्यून स्पीड (सूर किती झटकन सुधारायचा ते) शून्याजवळ ठेवून पूर्ण ट्रॅकवर ऑटोट्यून लावलं, तर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) पायऱ्यापायऱ्यांनी तुटते आणि आंदोलित कोमल गंधार सपाट होतो. ते गाणं सुरात असतं आणि तरीही खोटं वाटतं. त्यापेक्षा कणसूर असलेले पाच-सात स्वर हाताने सुधारा, बाकीच्यांना हात लावू नका. पेटीचीही परीक्षा घ्या. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झवर असतीलच असं नाही. पेटीची पांढरी सहा ४४३ ला असेल आणि कीबोर्डची ४४० ला, तर दोघांत सुमारे १२ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक पडतो आणि लांब स्वरावर गाणं ‘भांडतं’. सोपा मार्ग म्हणजे सगळे सिंथ पेटीच्या सुरावर लावणं. पावसाळ्यात ढोलकी-तबल्याचा पुडा दमट हवेने उतरतो, तेव्हा दुपारी केलेले आणि रात्री केलेले टेक शेजारी शेजारी ठेवून ऐका.

वेळेचा दोष बहुतेक वेळा ब्लूटूथ हेडफोनमुळे येतो. त्यात आवाज कानापर्यंत यायलाच १०० ते २०० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे ते लावून गायलेलं सगळं मागे पडतं. डबिंगला वायरचे हेडफोनच वापरा. उलटी चूकही तितकीच होते: ढोलकी पूर्णपणे ग्रिडवर (सॉफ्टवेअरच्या मात्रांच्या रेघांवर) ओढली की केरवा तालाचा डौल जातो आणि लग्गी यंत्रासारखी वाजते. सम जागेवर असली की पुरे, मधल्या मात्रांना त्यांची ढिलाई राहू द्या.

आणखी एक दोष डोळ्यांनी पकडता येतो. दुसऱ्या गावच्या वादकाने आपला ट्रॅक व्हॉट्सॲपवर पाठवला असेल, तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून वेव्ह (WAV, न दाबलेली) फाइलच आली आहे ना, हे पाहा. व्हॉइस मेसेज किंवा कमी दर्जाची एमपी३ आली असेल तर ऑडॅसिटीच्या स्पेक्ट्रोग्रामवर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं काळं दिसेल, जणू कात्रीने कापलंय. अशी फाइल वेव्हमध्ये बदलली तरी गेलेलं परत येत नाही. मूळ फाइल मागवून घ्या.

पायरी ३: मिक्सच्या परीक्षा

मिक्स संपल्यावर किमान एक दिवस, शक्य असेल तर दोन दिवस गाणं ऐकू नका. थकलेल्या कानाला तार स्वर कमी भासतात आणि हात आपोआप ट्रेबल वाढवत जातो.

मराठी गाण्यात पहिली परीक्षा शब्दांची असली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आपला ऐकणारा शब्द धरून गाणं लक्षात ठेवतो. ज्याने गीत वाचलेलं नाही अशा माणसाला गाणं दोनदा ऐकवा आणि ऐकू आलेले शब्द लिहायला सांगा. जिथे त्याने भलतंच लिहिलं किंवा जागा कोरी सोडली, तिथे आवाज एखाद-दीड डीबी वर घ्या, किंवा त्याच क्षणी वाजणारं वाद्य २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये दोन डीबी खाली आणा. जोडाक्षरं आणि ओळीच्या शेवटचे प्रत्यय सर्वांत आधी बुडतात. ‘मनात’ आणि ‘मनाचं’ यांतला फरक ऐकू यायलाच हवा.

दुसरी परीक्षा मोनोची. फोनचा एकच स्पीकर, छोटा ब्लूटूथ स्पीकर, गणपतीच्या मांडवातले भोंगे अशा अनेक ठिकाणी डावी-उजवी बाजू एकत्र होते. मास्टर ट्रॅक मोनो करा. एखादं वाद्य किंवा दुहेरी घेतलेला कोरस एकदम पातळ झाला किंवा नाहीसा झाला, तर दोन बाजूंच्या लहरी एकमेकींना मारत आहेत. कारण बहुतेक वेळा स्टिरिओ रुंद करणारं प्लगइन असतं. ते काढा. कोरस रुंद हवा असेल तर दोनदा वेगवेगळा गाऊन घ्या, एकाचीच नक्कल सरकवून ठेवू नका.

तिसरी परीक्षा खर्जाची. फोनच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही, त्यामुळे ढोलकीची धूम आणि बेस गिटार तिथे हरवते. बेस वाढवून उपयोग होत नाही, गाडीत मात्र मग काचा थरथरतात. बेसवर थोडं सॅच्युरेशन (स्वराला हलकी खरखर देणारा परिणाम) दिलं की ६० हर्ट्झच्या स्वराचे १२०, १८०, २४० हर्ट्झचे उपस्वर तयार होतात आणि फोनवरही कान तो स्वर ओळखतो.

मग तुमच्याच बाजाचं, चांगलं मिक्स झालेलं एखादं प्रसिद्ध गाणं तुलनेला घ्या. त्याचा आवाज आधी तुमच्या मिक्सएवढा खाली आणा, साधारण पाच-सहा डीबी कमी करावा लागेल. ही पायरी चुकवली तर तुलना फसते, कारण मोठं वाजणारं गाणं कानाला नेहमी चांगलंच वाटतं. तुलना तीनच गोष्टींची करा: आवाज वाद्यांच्या किती पुढे आहे, खर्ज किती आहे आणि रिव्हर्ब किती लांब आहे.

शेवटी फोन, वायरचे स्वस्त इयरफोन, ब्लूटूथ स्पीकर आणि गाडी अशा चार ठिकाणी गाणं पूर्ण ऐका. फोनवर ऐकताना पंखा मुद्दाम चालू ठेवा. एकाच ठिकाणी दिसलेला दोष त्या उपकरणाचा असू शकतो, तो लिहा पण त्यामागे धावू नका. दोन ठिकाणी दिसलेला दोष तुमच्या मिक्सचा आहे.

पायरी ४: मास्टर आणि अंतिम फाइल

‘उणे १४ एलयूएफएस’ हा आकडा नवख्यांना फार छळतो. एलयूएफएस म्हणजे गाणं कानाला सरासरी किती मोठं वाजतं याचं माप. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी उणे १४ एलयूएफएसच्या पातळीला आणून वाजवतं, ॲपल म्युझिकचं साउंड चेक उणे १६ च्या आसपास. तुमचं गाणं उणे ८ ला असेल तर ते खाली आणलं जातं, म्हणजे लिमिटरने चेपून मिळवलेला मोठेपणा जातो आणि चेपलेपणा तेवढा उरतो. उलट, उणे १८ ला सोडलेलं भावगीत यूट्यूबवर बारीक वाजतं, कारण यूट्यूब मोठी गाणी खाली आणतं, बारीक गाणी वर नेत नाही. भावगीत, अभंग, गझल यांना उणे १४ ते उणे १२ शोभतं. नाचाच्या गाण्याला उणे १० ते उणे ८ पर्यंत जायला हरकत नाही. मोजमाप पूर्ण गाण्याचं करा, फक्त कोरसचं नको. यूलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती त्याला पुरते. संथ गाण्यात लिमिटर सतत तीन-चार डीबीपेक्षा जास्त दाबत असेल, तर दोष मास्टरचा नाही. मिक्समध्ये कुठला तरी एक ट्रॅक उसळतोय, बहुधा ढोलकी किंवा किक. तिथे जा.

ट्रू पीक (लहरीचं खरं सर्वांत उंच टोक) उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. गाणं उणे १४ पेक्षा मोठं असेल तर स्पॉटिफाय उणे २ सुचवतं. कारण असं की वेव्हचं रूपांतर एएसी किंवा ऑग वॉर्बिसमध्ये होताना टोकं थोडी उंचावतात, आणि शून्याला टेकलेली फाइल तिथे फाटते.

फाइल वेव्ह, २४ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ अशी काढा. १६ बिट मागितली तर डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीकसा नॉइज) लावून, आणि तो शेवटी एकदाच. प्रोजेक्टचा आणि फाइलचा सॅम्पल रेट जुळतोय याची खात्री करा. ४८ ची फाइल चुकून ४४.१ म्हणून वाजली, तर गाणं सुमारे ८ टक्के संथ होतं आणि जवळजवळ दीड अर्धसूर खाली उतरतं. फरक इतका असतो की गायकाचा आवाज ‘आजारी’ वाटतो, पण कारण लक्षात येत नाही.

आता प्रोजेक्ट बंद करा आणि निघालेली फाइलच हेडफोनवर पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत ऐका. सुरुवातीची शांतता पाव सेकंदाहून जास्त नको. शेवटचा रिव्हर्ब पूर्ण विरल्यावर एखादा सेकंद सोडा. कापाकापीच्या जागी ‘टक्’ ऐकू आला तर तिथे ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (दोन तुकडे एकमेकांत मिसळणं) द्या. हे ऐकणं कंटाळवाणं आहे आणि ते टाळता येत नाही. एक्सपोर्टच्या वेळी म्यूट राहिलेला कोरस फक्त इथेच सापडतो.

पायरी ५: बाहेरचे कान

चार-पाच जण पुरेत: एक गाणारा, एक वादक, बाकीचे संगीतातलं काही न कळणारे. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की उत्तर ‘मस्तच!’ येणार. त्याऐवजी विचारा: लक्ष कुठे उडालं? कुठला शब्द कळला नाही? आणि दहा मिनिटांनी, गाणं पुन्हा न लावता, ध्रुवपद गुणगुणून दाखवता का? एकच गोष्ट दोघांनी स्वतंत्रपणे सांगितली तर ती पहिल्या रकान्यात लिहा. एकट्याने सांगितलेलं दुसऱ्यात.

पायरी ६: हक्क

गाणं उत्तम झालं आणि कागद नाहीत, तर ते तयार नाही. इथे जरा थांबून नीट वाचा.

शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, ध्वनिमुद्रणावरचा प्रसिद्धीपासून ६० वर्षं. तुकोबांचा अभंग कुणीही गाऊ शकतं. पण तुम्ही लहानपणापासून ऐकलेली त्या अभंगाची चाल एखाद्या अलीकडच्या संगीतकाराची असू शकते, आणि मग ती मोकळी नाही. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कवितेला चाल लावायला परवानगी लागत नाही. गदिमा १९७७ साली गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत आहे. कवितेला चाल लावण्याआधी कवीचं मृत्युवर्ष शोधणं ही पाच मिनिटांची गोष्ट आहे.

सिनेगीताच्या चालीवर नवे शब्द बसवलेल्या आरत्या, भक्तिगीतं आणि भीमगीतं आपल्याकडे सर्रास गायली जातात. मांडवात ते चालून जातं. अधिकृत रिलीजमध्ये मात्र चालीच्या मालकाची लेखी परवानगी लागते, शब्द कितीही तुमचे असले तरी. कव्हर गाण्याचंही तसंच: हक्क ज्या कंपनीकडे आहेत तिच्याकडून परवाना घ्या. काही डिस्ट्रिब्युटर थोड्या पैशांत जो कव्हर परवाना मिळवून देतात तो मुख्यतः अमेरिकेतल्या कायद्यापुरता असतो.

यूट्यूबवरचा ‘फ्री बीट’ (गाण्यासाठी आयता मिळणारा संगीताचा ट्रॅक) बहुतेक वेळा फक्त विनाव्यावसायिक वापरासाठी मोफत असतो. विकत घेतलेल्या बीटच्या परवान्यात किती स्ट्रीमपर्यंत चालेल ती मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. तो बीट इतरांनाही विकला जात असेल, किंवा तुम्ही सॅम्पल पॅकमधला लूप जसाच्या तसा उघडा वाजवला असेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्मवर कंटेंट आयडीच्या (यूट्यूबवर तुमचा ऑडिओ आपोआप ओळखून दावा लावणाऱ्या व्यवस्थेच्या) खुणेला हात लावू नका. नाहीतर तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या कलाकारांच्या व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे जातील आणि खातं अडचणीत येईल.

आता सोबतचे कलाकार. ढोलकी मित्राने प्रेमाने वाजवली असली, गीत मावशीने लिहिलं असलं, तरी कागद करा. हक्क दिल्याची गोष्ट कायद्यात लेखी आणि सहीनिशीच धरली जाते. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं मानली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत मानला जातो, आणि वेगळं काही ठरवलं नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क परत जातो. म्हणून एका पानावर एवढं हवं: गाण्याचं नाव, कुणाचं काम कोणतं, मानधन किती आणि मिळालं का, पुढच्या उत्पन्नात कुणाचा किती टक्के हिस्सा, मुदत, प्रदेश ‘जगभर’, श्रेयात नाव कसं लिहायचं, तारीख आणि सही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा असा सहजासहजी लिहून घेता येत नाही, तेव्हा ‘सगळे हक्क कायमचे दिले’ अशा एका ओळीवर विसंबू नका. गीतकार आणि संगीतकारांनी १९६९ पासून चालत आलेल्या आयपीआरएस या त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद व्हावं आणि रिलीजच्या सुमारास गाण्याची नोंद तिथे करावी.

पायरी ७: नाव, श्रेय, चित्र

कलाकाराचं नाव रोमन लिपीत एकदाच ठरवा आणि प्रत्येक गाण्याला तेच अक्षरशः वापरा. त्याच नावाचा दुसरा कलाकार स्पॉटिफायवर आहे का, हे आधी शोधा, नाहीतर तुमचं गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं. भाषेच्या जागी ‘मराठी’ निवडा. घाईत ‘हिंदी’ राहून जातं. गीतकार आणि संगीतकार यांची नाव-आडनावं पूर्ण लिहा, टोपणनावं चालत नाहीत. नुसतं ‘विठ्ठल’ किंवा ‘पाऊस’ असं शीर्षक शोधात हरवतं, ध्रुवपदातले दोन-तीन शब्द घ्या.

आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा १२ अक्षरांचा कायमचा क्रमांक. डिस्ट्रिब्युटर तो देतो, तो वहीत लिहून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदलला तर तोच ऑडिओ त्याच क्रमांकाने चढवला की ऐकण्याची संख्या टिकते. नवं मिक्स किंवा अकूस्टिक रूप काढलं तर क्रमांक नवा.

मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, चौकोनी, आरजीबी, जेपीजी. त्यावर फोन नंबर, संकेतस्थळ, ॲपचे लोगो नकोत, चित्र परत येतं. इंटरनेटवरून उचललेलं विठोबाचं किंवा शिवरायांचं चित्र कुणा चित्रकाराच्या हक्काचं असू शकतं. देवनागरी अक्षरं डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फुटतात, म्हणून ‘श्री’, ‘र्‍य’, ‘ज्ञ’ आणि पहिली वेलांटी बारकाईने पाहा. मग चित्र अंगठ्याच्या नखाएवढं करा. नाव तरीही वाचता आलं पाहिजे.

पायरी ८: तारीख

रिलीजच्या तीन ते चार आठवडे आधी फाइल चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवता येतं ते प्रसिद्धीआधीच. किमान सात दिवस आधी सुचवलं तर तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीमध्येही ते येतं. वर्णनाला ५०० अक्षरं मिळतात, त्यात बाज, वाद्यं, भाषा आणि प्रसंग लिहा. ‘खूप मेहनत घेतली आहे’ याचा उपयोग नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय रॉयल्टी मिळत नाही, हेही हिशेबात धरा.

सणाचं गाणं असेल तर उलट मोजा. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीचं गाणं मंडळांच्या हातात मार्चअखेर पडायला हवं, म्हणजे फाइल फेब्रुवारीअखेर चढली पाहिजे आणि डबिंग जानेवारीत संपलं पाहिजे. हे गणित बसत नसेल तर घाईने दोष झाकू नका. ते गाणं पुढच्या वर्षीही तितकंच उपयोगी आहे.

वहीचा निकाल

पूर्ण गाणं दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या उपकरणांवर ऐका. दोन्ही वेळा ‘करायलाच हवं’ या रकान्यात नवं काहीच लिहिलं गेलं नाही आणि सह्यांचे कागद हातात आहेत, तर गाणं तयार आहे. तिथे थांबा. ‘आवडीचा प्रश्न’ हा रकाना कधीच रिकामा होत नाही, आणि तो होण्याची वाट पाहणाऱ्यांची चांगली गाणी हार्ड डिस्कवरच राहतात. बासरी आज एक डीबी वर, उद्या एक डीबी खाली असं सुरू झालं की ते सुधारणं संपल्याचं लक्षण समजा. उलट, पहिल्या रकान्यात एक जरी नोंद उरली असेल, तर तारीख पुढे ढकला. गायकाला पुन्हा बोलावण्याचा संकोच एका संध्याकाळचा असतो, कणसूर सा मात्र कायमचा छापला जातो.

फाइल चढवल्याच्या दिवशीच एक फोल्डर करा: अंतिम वेव्ह, प्रत्येक वाद्याचे वेगळे ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच लांबीचे, फक्त आवाज, आवाजाशिवायचा मायनस ट्रॅक, प्रोजेक्ट, मुखपृष्ठ, करारांच्या स्कॅन प्रती आणि आयएसआरसी. ते दोन ठिकाणी ठेवा, एक घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. मायनस ट्रॅक विसरू नका. गाणं थोडं चाललं की शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी, ऑर्केस्ट्रासाठी त्याचीच मागणी येते. आज, प्रोजेक्ट उघडं असताना, तो काढायला दहा मिनिटं लागतात. दोन वर्षांनी, प्लगइन आणि लॅपटॉप बदलल्यावर, तोच मिक्स तसाच उघडेल याची खात्री नसते.